सायकल मेसेंजरचा वेळ दरवाजात जातो

सायकल मेसेंजर, म्हणजे शहरात सायकलवरून पाकिटं पोचवणारा माणूस, म्हटलं की लोकांना आधी वेग आठवतो. गाड्यांच्या फटीतून सुळकन निघणारा, पाठीवर भली मोठी पिशवी, सिग्नलला पाय न टेकवता सायकल तोलून उभा राहिलेला. या कामात नव्याने येणारेही आधी पायांचाच विचार करतात. हिशोब मांडला की वेगळंच दिसतं. दिवसाला २० खेपा म्हणजे ४० दरवाजे, कारण २० ठिकाणी पाकीट उचलायचं आणि २० ठिकाणी पोचवायचं. दरवाजामागे ५ मिनिटं धरली तर २०० मिनिटं, म्हणजे तीन तासांहून जास्त वेळ, सायकल खांबाला बांधलेली असते. आता दिवसाचं अंतर ८० किलोमीटर धरा. सरासरी वेग ताशी २० वरून २२ वर नेला तर वाचतात २२ मिनिटं, तीही दिवसभर जास्त दम खर्चून आणि जास्त धोका पत्करून. दरवाजामागे एकच मिनिट वाचवलं तर ४० मिनिटं हाती येतात. पैसे खेपेमागे मिळत असतील तर ४० मिनिटं म्हणजे आणखी दोन-तीन खेपा.

या धंद्यातली बहुतेक कौशल्यं, अवजारं आणि सवयी या एका हिशोबातून आलेल्या आहेत. त्यामुळे सायकलवर येण्याआधी इमारतींबद्दल.

पत्ता मोठ्या रस्त्यावरचा असतो, पण पाकिटं घेणारं दार बऱ्याचदा मागच्या गल्लीत असतं. मोठ्या कार्यालयांत मेसेंजरला वर सोडतच नाहीत. तळमजल्यावर किंवा तळघरात टपालाची खोली असते, तिथेच द्यायचं आणि तिथूनच घ्यायचं. हे ठाऊक नसलेला माणूस पुढच्या दारात रखवालदाराशी बोलण्यात ३ मिनिटं घालवतो आणि मग तीच इमारत वळसा घालून मागे जातो. जुने मेसेंजर म्हणूनच वही ठेवतात: कुठलं दार, सायकल बांधायला खांब कुठे, टपालाची खोली जेवणासाठी कधी बंद होते, कोणती लिफ्ट मंद आहे, ओळखपत्र लागतं का. सहा महिन्यांत ही वही डोक्यात उतरते आणि मग तो माणूस दुप्पट किमतीचा होतो. एकाच इमारतीत तीन मजल्यांवर काम असेल तर लिफ्टने सगळ्यात वर जायचं आणि जिन्याने उतरत यायचं. प्रत्येक मजल्यावर लिफ्टची वाट बघण्यापेक्षा हे बहुधा लवकर होतं.

पोच घेताना सहीच्या शेजारी नाव सुट्या, स्पष्ट अक्षरांत आणि वेळ मिनिटासकट लिहून घ्यायची. नुसत्या वळणदार सहीवरून पाकीट कुणाच्या हातात गेलं हे नंतर कोणी सांगू शकत नाही आणि भांडण झालं तर ते मेसेंजरच्या अंगावर येतं. पत्त्यावरचा माणूस जागेवर नसेल तर पाकीट टेबलावर ठेवून निघायचं नाही. डिस्पॅचरला, म्हणजे खेपा वाटून देणाऱ्याला, कळवायचं, दुसऱ्या कुणाकडे द्यायची परवानगी घ्यायची, मग त्याचं नाव लिहायचं. न्यायालयात दाखल करायचे कागद असतील तर उचलतानाच तिथल्या तिथे तपासायचं: प्रती किती, फी जोडली आहे का, परत आणायच्या प्रतीवर शिक्का हवा आहे का. खिडकी बंद व्हायला १० मिनिटं असताना एक प्रत कमी निघाली तर पायांत कितीही ताकद असली तरी उपयोग नाही.

डिस्पॅचरबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला तो दिसत नाही. पूर्वी रेडिओ होता, आता बहुतेक ठिकाणी फोनवरचं ॲप आहे, पण काम तेच: शहरभर विखुरलेले मेसेंजर, प्रत्येकाच्या पिशवीत काय आहे आणि तो कुठे निघालाय हे डोक्यात ठेवून नवीन खेप कुणाला द्यायची ते ठरवणं. नवा डिस्पॅचर खेप सगळ्यात जवळच्या माणसाला देतो. तिथेच गाडं बिघडतं. जवळचा माणूस उत्तरेकडे निघाला असेल आणि पाकीट दक्षिणेचं असेल, तर थोडा लांब असलेला पण दक्षिणेकडेच चाललेला माणूस योग्य. चांगला डिस्पॅचर एखादी साधी खेप १० मिनिटं मुद्दाम धरून ठेवतो, तेवढ्यात त्याच दिशेच्या आणखी दोन येतात, आणि एका फेरीत तीन खेपा निघतात. मेसेंजरचा दिवस खरं तर इथे ठरतो. म्हणूनच डिस्पॅचरने आपल्या लाडक्यालाच चांगल्या खेपा दिल्या, या एका कारणावरून या धंद्यात जितकी कटुता येते तितकी दुसऱ्या कशाने येत नाही. स्वतः काही वर्षं सायकल चालवलेला माणूस डिस्पॅचर असावा, असं माझं ठाम मत आहे. कुठल्या चढावर किती वेळ लागतो, हे नकाशावरून कळत नाही.

रेडिओची शिस्त छोटी पण महत्त्वाची. बटण दाबायचं, अर्धा सेकंद थांबायचं, मग बोलायचं, नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि पहिला शब्द बहुधा तुमचा नंबर असतो. पत्ता ऐकला की परत म्हणून दाखवायचा. पन्नास आणि पंचावन्न यांत गफलत झाली की २० मिनिटं गेली. आणि पिशवी रिकामी झाली की लगेच कळवायचं. गप्प राहिलेल्या माणसाला खेप मिळत नाही.

आता सायकल. मेसेंजर आणि फिक्स्ड गिअर हे समीकरण प्रसिद्ध आहे, पण त्यामागची कारणं साधी आहेत. फिक्स्ड गिअरला फ्रीव्हील नसतं. मागचं चाक फिरतंय तोवर पेडल फिरणारच. गिअर बदलणारी यंत्रणा नाही, तिच्या केबली नाहीत, सायकल दिवसातून ४० वेळा खांबाला घासली तरी वाकण्यासारखं फारसं काही नाही. पावसात आणि थंड देशांतल्या मीठ टाकलेल्या रस्त्यांवर गिअरच्या नाजूक भागांची जी वाताहत होते ती इथे होत नाही. शिवाय पेडल मागे धरून वेग बारीक कमी-जास्त करता येतो, जे गर्दीत फार कामाचं.

पुढच्या चक्राचे आणि मागच्या चकतीचे दात निवडताना बहुतेकजण फक्त चढाचा विचार करतात. टायरचाही करावा. पुढे ४८ आणि मागे १६ दात लावले तर गुणोत्तर नेमकं ३ येतं. पेडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर ३ फेऱ्या. म्हणजे ठरावीक पाय पुढे ठेवून पेडल अडवून घसरत थांबायची सवय असेल तर दर वेळी टायरची तीच जागा रस्त्यावर घासते आणि बाकीचं टायर नवं असताना तेवढ्या जागी कापड दिसायला लागतं. नियम असा: दोन्ही आकडे त्यांच्या सामाईक विभाजकाने भागून लहान करा, मागचा जो आकडा उरेल तितक्या जागांवर टायर झिजेल. ४८ ला १६ मध्ये उरतो १, म्हणून एकच जागा. ४८ ला १८ मध्ये ३. ४६ ला १७ मध्ये १७. लहान केल्यावर पुढचा आकडा विषम असेल आणि तुम्ही दोन्ही पाय आलटून-पालटून पुढे ठेवत असाल तर संख्या दुप्पट होते, म्हणून ४७ ला १७ लावलं की ३४ जागा मिळतात. ४६ ला १७ मध्ये पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण ५.७ मीटर जाते, ताशी २० ला मिनिटाला सुमारे ५९ फेऱ्या पडतात. सपाट शहरासाठी आणि गुडघ्यांसाठी हे बरं. सुरुवातीलाच जड गिअर घेणाऱ्यांचे गुडघे पहिल्या हिवाळ्यात बोलायला लागतात.

चेनचा ताण दर आठवड्याला बघायचा. पुढचं चक्र कधीच पूर्ण गोल नसतं, त्यामुळे पेडल हळूहळू फिरवून चेन सगळ्यात ताठ कुठे होते ते शोधायचं आणि त्या जागी मधोमध १० ते १२ मिलिमीटर खाली-वर हलेल इतकी ढील ठेवायची. त्याहून ताठ असेल तर छर्रे रगडले जातात. जास्त ढिली असेल तर चेन उतरते, आणि फिक्स्डवर चेन उतरून अडकली की मागचं चाक जागच्या जागी जाम होतं. १५ नंबरचा पाना पिशवीत कायम हवा. मागच्या चकतीला धरून ठेवणारी लॉकरिंग उलट्या आट्यांची असते, आणि ती तशीच हवी: पेडल मागे रेटल्यावर चकती सुटायला बघते, तेव्हा तीच हालचाल लॉकरिंगला आवळते. साध्या फ्रीव्हीलच्या हबवर चकती चढवून वरून सरळ आट्यांची रिंग बसवण्याचा स्वस्तातला उपाय लोक करतात. तो करू नका. नेमकं जोरात थांबायची वेळ येते तेव्हाच ती चकती फिरते. आणि चेन साफ करताना चाक फिरतं ठेवून चिंधी कधीच धरायची नाही. फिक्स्डवर चिंधी आत ओढली गेली तर चाक थांबत नाही आणि बोट जातं.

ब्रेक न लावता फिरण्याचा जो मोठेपणा या संस्कृतीत मानला जातो, तो मला अजिबात मान्य नाही. थांबताना भार पुढे सरकतो, मागचं चाक हलकं होतं, म्हणून मागच्या चाकाची पकड कितीही कसरत केली तरी मर्यादित राहते. कोरड्या रस्त्यावर एकटा पुढचा ब्रेक मागच्यापेक्षा साधारण निम्म्या अंतरात थांबवतो. त्याला लागते एक केबल, एक दांडी आणि दोन रबरं. ब्रिटनमध्ये फिक्स्ड गिअरला पुढचा ब्रेक कायद्यानेच लागतो, जर्मनीत दोन स्वतंत्र ब्रेक लागतात.

पिशवी एका पट्ट्याची असण्याचं कारणही दरवाजातच आहे. दोन पट्ट्यांची पिशवी काढून जमिनीवर ठेवावी लागते. एका पट्ट्याची सरकवून पोटाशी आणली, झाकण उघडलं, पाकीट काढलं, परत मागे. न्यूयॉर्कमध्ये डी मार्टिनी या पिशव्या शिवणाऱ्याच्या जाड कॅनव्हासच्या पिशव्या मेसेंजरच्या पाठीवर रुळल्या. पुढे १९८९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका मेसेंजरने शिवायला घेतलेल्या पिशव्यांतून टिंबक२ ही पिशव्यांची कंपनी उभी राहिली. बाहेरून कापड आणि आतून ताडपत्रीसारखं प्लॅस्टिक अशी दोन थरांची रचना यात टिकली, कारण आतलं अस्तर बाहेरच्या शिवणींना न जोडता सुटं ठेवलं की शिवणीतून पाणी झिरपलं तरी कागदापर्यंत येत नाही. काखेखालून जाणारा दुसरा बारीक पट्टा नक्की बांधायचा. नाहीतर मागे मान वळवून बघताना पिशवी पुढे घसरते आणि हँडल ओढलं जातं.

भरण्याची पद्धत: पाठीला लागून एक ताठ पुठ्ठा, त्याला टेकून सपाट कागद, जड वस्तू तळाशी आणि पाठीजवळ, शेवटी द्यायचं ते आधी आत. नकाशांची लांब नळकांडी आडवी कधीच नाही, गाड्यांच्या आरशांना लागतात. खांद्यावरून तिरपी वर. पाऊस असो-नसो, मूळ सह्यांचे कागद वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. १० किलोच्या वर रोज जात असाल तर एका खांद्याचा हट्ट सोडून पुढे कॅरिअर बसवा. वाकडी झालेली पाठ सरळ व्हायला फार दिवस घेते.

कुलूप छोटं यू आकाराचं, मागच्या खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात. मागचं चाक आणि सांगाडा दोन्ही एका फटक्यात खांबाला. पुढचं चाक हाताने सुटणाऱ्या खटक्याचं न ठेवता नटाचं ठेवायचं. खांब एकदा हलवून बघायचा. काही पाट्यांचे खांब वरून उचलले की निघतात. किल्ली मनगटाला रबरी दोरीने. हे सगळं १५ सेकंदांत जमायला हवं, आणि जमतं. २ मिनिटांचं तर काम आहे म्हणून न बांधता आत जाणं हीच सायकल चोरीला जाण्याची सगळ्यात नेहमीची रीत आहे.

रस्त्यावर मेसेंजरला सगळ्यात जास्त भीती असते ती उभ्या गाडीच्या दाराची. दार साधारण मीटरभर उघडतं, म्हणून उभ्या गाड्यांपासून तेवढ्याहून थोडं जास्तच अंतर ठेवायचं, मागचा कितीही हॉर्न वाजवो. चालवताना नजर काचांतून आत हवी: चालकाच्या जागी डोकं आहे का, मागचा लाल दिवा आत्ताच विझला का, टॅक्सीतला प्रवासी पैसे देतोय का. दुसरी भीती वळणाऱ्या ट्रकची. चौकात थांबलेल्या ट्रकच्या कडेने पुढे सरकायचं नाही. तिथे चालकाला तुम्ही दिसत नाही, आणि वळताना मागची चाकं आतल्या बाजूला येतात. ट्रकच्या मागे थांबण्यात गेलेली ३० सेकंदं पुढच्या दरवाजात भरून काढता येतात.

ओल्या रस्त्यावर लोखंडी झाकणं, रंगवलेले पट्टे आणि ट्रामचे रूळ ही तिन्ही बर्फासारखी. त्यांच्यावर ना ब्रेक, ना वळण. जे करायचं ते आधीच. रूळ शक्य तितका काटकोनात ओलांडायचा, कारण बारीक टायर खाचेत गेलं की हँडल तुमचं राहत नाही. रिमवर लागणारे ब्रेक असतील तर चाकाच्या पहिल्या एक-दोन फेऱ्या नुसतं पाणी पुसण्यात जातात, म्हणून पावसात अधूनमधून ब्रेक हलकेच टेकवत राहायचं. पंक्चरही पावसातच जास्त होतात. पाण्यामुळे काच रबरात सहज शिरते आणि चिकटून राहिलेली कणाकणाने आत जाते. संध्याकाळी टायरवरून हात न फिरवता नजर फिरवा आणि रुतलेले तुकडे सुईने काढा. पंक्चर काढताना ट्यूबला ठिगळ लावण्याआधी टायरच्या आत बोट फिरवून काच सापडली का ते बघा. ती तिथेच राहिली तर दहा मिनिटांत दुसरं पंक्चर. खरं तर रस्त्यावर ठिगळ लावतच बसू नये. नवी ट्यूब टाका, ठिगळ रात्री.

दुखापतीचा विषय टाळून या कामाबद्दल लिहिणं अप्रामाणिक होईल. बोस्टनच्या सायकल मेसेंजरांचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काम बुडवणाऱ्या दुखापतींचं प्रमाण वर्षाला १०० मेसेंजरांमागे ४७ निघालं. याच्या जोडीला पगाराची पद्धत ठेवून बघा. बऱ्याच शहरांत मेसेंजर कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार असतो. खेपेमागे पैसे, सुट्टीचे नाहीत, आजारपणाचे नाहीत, सायकल त्याची, दुरुस्ती त्याची. हाड मोडलं की उत्पन्न त्याच दिवशी थांबतं. त्यामुळेच अपघातात सापडलेल्यांसाठी मेसेंजरांनी स्वतःच निधी उभे केले, आणि मेसेंजरांच्या शर्यतींचे पैसे बऱ्याचदा तिथे जातात. लंडनमध्ये जानेवारी २०१७ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने सिटीस्प्रिंट या कुरिअर कंपनीच्या एका सायकल कुरिअरला स्वतंत्र कंत्राटदार न मानता कामगार मानलं आणि तिला सुट्टीच्या पगाराचा हक्क मिळाला. हा निकाल खेपेवर जगणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखा आहे: दिवसभर कंपनी सांगेल तिथे जायचं, कंपनीचा गणवेश घालायचा, आणि तरी तुम्ही स्वतःचा धंदा करता असं म्हणायचं, हे न्यायाधिकरणाला पटलं नाही.

हे काम नवं नाही. १८९४ मध्ये अमेरिकेत पुलमन या रेल्वेडबे बनवणाऱ्या कंपनीतल्या संपाने रेल्वे थांबल्या तेव्हा फ्रेझ्नो ते सॅन फ्रान्सिस्को टपाल सायकलस्वारांनी टप्प्याटप्प्याने नेलं. त्यासाठी छापलेल्या टपाल तिकिटावर सॅन फ्रान्सिस्कोचं स्पेलिंगच चुकलं होतं. यूपीएस या कुरिअर कंपनीची सुरुवातसुद्धा १९०७ मध्ये सिॲटलमधली निरोप पोचवणारी एक छोटी कंपनी म्हणून झाली, पोरं पायी आणि सायकलवर जायची. १९८७ मध्ये न्यूयॉर्कचे महापौर एड कॉच यांनी मॅनहॅटनच्या मध्यभागी फिफ्थ, मॅडिसन आणि पार्क ॲव्हेन्यूवर कामाच्या दिवशी सकाळी १० ते दुपारी ४ सायकलबंदी जाहीर केली. मेसेंजर शेकड्यांनी रस्त्यावर उतरले, आणि ती बंदी न्यायालयात टिकली नाही.

ॲलीकॅट ही मेसेंजरांची शर्यत १९८९ मध्ये टोरांटोत सुरू झाली. तिला लोक रस्त्यावरची धांदल समजतात, पण तिची रचना बघा. सुरुवातीला हातात एक कागद मिळतो, त्यावर ठिकाणं. कुठल्या क्रमाने जायचं ते तुम्ही ठरवायचं. प्रत्येक ठिकाणी शिक्का, सही किंवा एखादं काम. सुरुवातीला २ मिनिटं जमिनीवर बसून कागदावर क्रम लावणारा, शिट्टी वाजताच उठून पळालेल्यांना बऱ्याचदा मागे टाकतो. चाकाच्या आऱ्यांत खोचलेलं कार्ड ही तिची आठवण. १९९३ पासून, बर्लिनपासून, मेसेंजरांची जागतिक स्पर्धा भरते. तिथे वाहतूक बंद केलेल्या भागात खरोखरच खोकी उचलून पोचवायची असतात, पोच घ्यायची असते, एकेरी रस्ते पाळायचे असतात. ती टोकियोत झाली, जकार्तात झाली. भाषा न कळणारे लोक एकमेकांच्या घरी फुकट राहतात, चाकं उसनी देतात. या कामाची मला सगळ्यात आवडणारी बाजू हीच आहे.

आधी फॅक्स, मग ईमेल, मग न्यायालयांचं ऑनलाइन दाखल करणं, यांनी कागदाच्या खेपा खाल्ल्या. उरलं ते तारेतून जाऊ न शकणारं: मूळ सह्या, पासपोर्ट, किल्ल्या, जेवण, आणि दवाखान्यांतून प्रयोगशाळांकडे जाणारे नमुने. मालवाहू सायकलींनीही नवं काम आणलं. पुढे लांब फळी असलेल्या सायकलीवर पहिल्यांदा बसल्यावर सगळेच डुलतात, कारण चाक खूप पुढे असतं आणि नजर त्याच्याकडे जाते. २० मीटर पुढे बघा, डुलणं थांबतं. जड खोकी तळाशी, पट्ट्याने फळीला आवळून. वळताना सरकलेलं खोकं सायकल पाडतं.

नमुन्यांचं काम मात्र वेगळ्या गंभीरपणे करायचं. यूएन ३३७३ (जैविक नमुन्यांच्या वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) वर्गाच्या नमुन्याला तीन आवरणं लागतात: न गळणारी आतली नळी, न गळणारं मधलं आवरण, आणि ताठ बाहेरचं खोकं. द्रव असेल तर पहिल्या दोन आवरणांच्या मध्ये सगळा द्रव शोषून घेईल इतकं कापसासारखं काहीतरी. बाहेर चौकोन टोकावर उभा केलेली खूण आणि त्यात तो क्रमांक. उचलताना आवरण ओलं वाटलं तर घ्यायचंच नाही, देणाऱ्याला तिथेच दाखवायचं. ठरलेलं तापमान कागदावर वाचायचं. सगळेच नमुने थंड चालत नाहीत, काही गारठले की वाया जातात. मध्ये दुसरी खेप घ्यायची नाही, डिस्पॅचरने कितीही आग्रह केला तरी. प्रयोगशाळेत खिडकीच्या कठड्यावर खोकं ठेवायचं नाही. माणूस येईपर्यंत थांबायचं, हातात द्यायचं, नाव आणि वेळ लिहून घ्यायची, आणि बाहेर येऊन कुलूप काढण्याआधी पिशवी रिकामी असल्याचं कळवायचं.